त्याच दिवशीची कवळी

हेझल फोर्क, केंटकी
१९ एप्रिल

प्रिय ओपल,

तू बरी असशील. डोंगरापलीकडे तुमच्याकडे डॉगवूड फुललं असेल, इथे फुललंय. माझी पाठ नेहमीसारखीच, कोंबड्याही नेहमीसारख्याच खादाड.

फेब्रुवारीपासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे कागदावर. का घेत नाहीस ते मला ठाऊक आहे, त्यावर येते. पण आधी दुसरंच सांगते, कारण त्याने माझं डोकं फिरलंय.

विमावाल्यांनी तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

ऑक्टोबरात मी वरचे उरलेसुरले अकरा दात काढून टाकले ते तुला माहीत आहे. डॉक्टर हॅस्केलनी विचारलं होतं, "हिरड्या भरून येईपर्यंत काही महिने बिनदाताच्या राहाल, की आजच कवळी बसवू?" रविवारी चर्चमध्ये तोंडाचं बोळकं घेऊन गायला उभी राहू? म्हटलं, आजच बसवा. सही केली. चष्मा पर्समध्ये होता, तो पर्समध्येच राहिला.

आता ऐक. दात काढतात त्याच दिवशी बसवायच्या वरच्या कवळीचा बिलावरचा कोड ५१३०. हिरड्या सुकल्यावर नीट माप घेऊन करतात तिचा ५११०. दोन आकडे, दोन वेगळ्या कवळ्या, हे दातवाल्यांना मान्य. विमावाल्यांच्या लेखी मात्र एका जबड्याला पाच वर्षांत एकच कवळी, मग आकडा कुठलाही असो. आणि पहिली सैल होणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं! हिरड्या आक्रसतात. मी दोनदा आतून भर घालून घेतली, तर त्याचा आणखी वेगळा कोड, आणि पैसे माझेच. नवी हवी तर एकोणीसशे डॉलर. माझ्या क्लाईडच्या मागे खाणीची पेन्शन येते ती महिन्याला सातशे. मी काय खाऊ, आणि कशाने खाऊ?

फोनवरची पोरगी म्हणाली, "बाई, तुमची वरची कवळी झालेली आहे. पाच वर्षांनी पुन्हा अर्ज करा."

"पोरी, मी अठ्ठ्याहत्तरची आहे. पाच वर्षांनी तू अर्ज कुठे पाठवणार, कब्रस्तानात?"

"मला फक्त नियम दिसतो, बाई."

"आणि मला फक्त पातळ सूप दिसतं!"

तिने मला संगीत ऐकवत ठेवलं. चाळीस मिनिटं. दातओठ खाऊन भांडायचं, तर त्यालाही दात लागतात.

मग दवाखान्यात जाऊन शेरिलवर ओरडले. ती बिलं करते, तिच्या आईला मी संडे स्कूलमध्ये शिकवलंय. म्हटलं, "अगं, तेव्हाच तो दुसरा कोड टाकला असतास तर?"

"वर्नाबाई, बसवली ती कवळी वेगळी, आणि कोड टाकायचा वेगळा? ती लबाडी झाली असती. आणि कोड बदलून तरी एकच मिळाली असती. हे सगळं त्या कागदावर लिहिलं होतं. तुम्ही सही केलीत."

लबाडी म्हटल्यावर मी पर्स उचलून घरी आले. का, ते आता लिहिते.

फेब्रुवारीत तुझ्या डेल्बर्टला पुरलं त्या दिवशी मी तुला कळवलं, रस्त्यावर बर्फ आहे, गाडी निघत नाही. ओपल, चिमूटभर बर्फ नव्हता. तू मूर्ख नाहीस, आभाळ तुलाही दिसत होतं.

तुझ्या नवऱ्याने इस्पितळातल्या खाटेवरून सांगितलं होतं, मला पुरताना स्तोत्र वर्नानेच गायचं, दुसऱ्या कोणी नाही. मी काळा पोशाख घातला. स्वयंपाकघरात उभी राहून एकदा म्हणून बघितलं. चिकट मलम भरपूर लावलं होतं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात सूर वर न्यायला तोंड उघडलं आणि कवळी निसटून सिंकमध्ये, बटाट्याच्या सालींत पडली.

मी दुपारपर्यंत तशीच काळ्या पोशाखात बसून राहिले. सगळ्या गावासमोर, शवपेटीवर माझे दात पडतील याची मला लाज वाटली. मेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दापेक्षा, तुझ्यापेक्षा मला माझं तोंड प्यारं झालं. चार महिने मी विमावाल्यांना शिव्या देतेय आणि त्या त्यांना मिळायलाच हव्यात, मेल्यांना! पण त्या दिवशी घरी बसले ती मी. जायला मला कुठल्या कंपनीने नाही म्हटलं नव्हतं.

मेच्या दुसऱ्या रविवारी कबरी सजवायला सगळे टेकडीवर जमतील. मी येतेय. बटाट्याचं सॅलड आणीन, ते मला चावताही येतं. आणि जेवणं मांडायच्या आधी डेल्बर्टपाशी उभी राहून ते स्तोत्र गाणार आहे, तीनही कडवी. कवळी घालणार नाही. ती घरी पेल्यात राहील. शब्द फसफसतील, तुझी नातवंडं हसतील. हसू देत. तू माझ्या शेजारी उभी राहिलीस तर बरं वाटेल. नाही राहिलीस, तरी गाईन.

उत्तर पाठवायची गरज नाही.

बर्फ पडला तरी येणारी,
तुझी थोरली बहीण,
वर्ना