रंकाळ्यावरचा पाऊस

हुपरी, १२ जुलै २०२४

ती. शालूआत्यास,
अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि शेजारणीकडून निरोप द्यावा अशी ही बातमी नाही, म्हणून लिहितेय. काल आप्पांचे डोळे कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवले. दोन्हीकडं काचबिंदू, फार पुढं गेलेला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडताना त्यांचा हात चुकायचा. आम्ही वय झालं म्हणायचो.

बाहेर धो धो पाऊस. मी रिक्षा बघत होते. आप्पा म्हणाले, चाळीस वर्षं माल घेऊन आलो, पण गुजरीतल्या सराफांपलीकडं कोल्हापूर बघितलं नाही. आज चालत दाखव. एका छत्रीत निघालो. अंबाबाईच्या देवळात भिंतीवरच्या मूर्तींवरनं त्यांनी हात फिरवला. भवानी मंडपात कमानीखाली किती तरी वेळ मान वर करून उभे होते. टाऊन हॉलच्या संग्रहालयात काचेला नाक लावून एकेक वस्तू बघितली. पाट्या मी वाचल्या.

संध्याकाळी रंकाळ्यावर पोचलो तेव्हा पाऊस थांबलेला. पलीकडं शालिनी पॅलेस लख्ख दिसत होता. मी बोट दाखवलं. आप्पा बघत राहिले, मग म्हणाले, "अनू, पाऊस हाय, का माझं डोळं?"

मी म्हटलं, "पाऊसच आहे, आप्पा. मलाही काही दिसत नाही."

आत्या, त्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले.

माझ्यावर रागावू नको.
तुझी अनुजा


हुपरी, १५ जुलै २०२४

ती. अक्कास,
बाळासोचा शि. सा. न.

अनूनं कळवलंच असंल. ओळी वाकड्या आल्यात, सांभाळून घे. माझ्या हातचं हे शेवटचंच समज.

रंकाळ्यावर पोरगी म्हणाली, पाऊस पडतोय. छत्री मिटून तिच्याच हातात होती, अक्का. मी व्हय म्हटलं. मग तिच्या गालावरचा तीळ शोधला. गावला न्हाय. मला कळलंय हे तिला कधी कळू देऊ नको.

हत्यारं पेटीत घातली. नुसता बसून असतो. तुला फोनवर ऐकू येत न्हाय, मला तुझं पत्र वाचता यायचं न्हाय. आई गेल्यापास्नं तुझ्याबिगर कुणापाशी मन मोकळं केलं न्हाय. आता काय करू, सांग की.

उत्तर अनूच वाचून दाखवंल, तेवढं ध्यानात ठेव.

तुझा बाळासो


कागल, १८ जुलै २०२४

चि. बाळासो यास अनेक आशीर्वाद. अनू, मोठ्यानं वाच गं.

पत्रं मिळाली. वाचून दिवसभर गॅस पेटवला नाही.

पाऊस इकडंही फार आहे. त्या दिवशी रंकाळ्यावरही असणारच. तिथं पावसात पलीकडचं कुणालाच दिसत नाही.

पुढच्या रविवारी मी येतेय, राहायलाच. डाव्या कानाशी तोंड आणून बोललं तर मला अजून ऐकू येतं. अनू, तू रजा काढू नको, रोज कामावर जात जा. दिवसभर मी असेन त्याच्यापाशी.

तोवर एकमेकांना जपा.
तुमची शालूबाई