डॉक्टर खरं काय म्हणाले

बोमेट
रविवार, १८ ऑगस्ट २०१९

प्रिय आई,

डोकं पुढे करून नमस्कार करते आहे. त्यावर हात ठेवायचा की नाही, ते तू ठरव. पाच महिने तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून लिहिते आहे. बायबल वाचतेस तसं ओळीवर बोट ठेवून सावकाश वाच. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

मी बरी आहे. मांड्या मात्र अशा भरून आल्यात की खुर्चीत बसताना आजीसारखी कण्हते. काल आम्ही एकशेदहा जणांनी केरिचोहून बोमेटपर्यंत सायकली चालवल्या. आपल्या भागात अन्ननलिकेचा कॅन्सर इतक्या घरांत का शिरतो, याचा शोध चाललाय. चहा किती कढत पिता, दूध कशात मुरवता, असे प्रश्न मी घरोघर जाऊन विचारते ना, तेच काम. त्यासाठी प्रत्येकाने ओळखीच्यांकडून देणगी गोळा केली होती.

मी बाबांचीच सायकल घेतली होती. दुधाचे कॅन अडकवायची लोखंडी कडी काढली नव्हती, त्यामुळे चढावर ती खडखडत होती. माझ्याबरोबर अराप टोनुई नावाचे एक म्हातारे होते. चहाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, डोक्यावर लोकरीची टोपी, तीही भर उन्हात. लिटेइनच्या आधीच्या चढावर मी उतरून सायकल ढकलायला लागले, तर म्हणतात, "पोरी, कॉलेजात सगळं शिकवलं, पाय मारायचं तेवढं राहिलं वाटतं!"

मी म्हटलं, "आजोबा, तुम्हीही उतरलातच की."

"मी सायकलला विश्रांती देतोय. माझ्यापेक्षा म्हातारी आहे ती."

पहिली विश्रांती आपल्याच फाट्यावर होती. हे तुला कळलंच असेल, कारण शेजारची किबेटची आई तिथे होती. तिने मला चहाचा कप दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घ्या, मॅडम. फुंकून फुंकून गार केलाय. न जाणो, उद्या रेडिओवर आमचंही नाव यायचं!" बायका हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार?

तिथून आपलं कुंपण दिसत होतं. तुझे दुधाचे तुंबे धुऊन उन्हात उपडे घातलेले असायचे, त्या खुंट्यांवर काही नव्हतं. पाच मिनिटांची वाट होती, पण मी घरी आले नाही. पुढे निघायची घाई होती, असं लिहिणार होते. खरं म्हणजे आम्ही अर्धा तास तिथे होतो.

मार्चमध्ये रेडिओवर मी काय बोलले, ते तू ऐकलंस. आपल्याच भाषेतला कार्यक्रम, त्यामुळे अख्ख्या डोंगराने ऐकलं. देणगीसाठी लोकांचं मन हलवायचं होतं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, बाबा कशाने गेले, आणि मी म्हणाले, "आमच्या घरच्या दुधाने. आई तुंब्याला आतून कोळसा घासायची, त्यात दूध मुरवायची. तेच बाबांनी जन्मभर प्यायलं." किती ठामपणे बोलले! पदवीचा कागद घरात पहिल्यांदा आला, तर वाटलं, सगळी उत्तरंही त्याच्याबरोबर आलीत.

पुढचं मला मावशीने सांगितलं. तिच्या मुलाच्या साखरपुड्यात तू नेलेला तुंबा लोकांनी झाकणही न उघडता तुझ्या हातात परत दिला. जिच्या हातचं दूध घ्यायला लोक दोन टेकड्या ओलांडून यायचे, तिच्या हातात. तो घेऊन तू तशीच चालत घरी आलीस म्हणे.

सोतिकनंतरच्या लांब चढावर मी टोनुईंना विचारलं, तुम्ही या वयात कशाला आलात? ते उतरून सायकल ढकलायला लागले. मग म्हणाले, "बायको याच रोगाने गेली. तेव्हा लोक म्हणाले, शाप आहे. कुणी घातला? मी धाकट्या भावाकडे बोट दाखवलं. जमिनीवरून आमचं आधीच वाकडं होतं. सात वर्षं त्याच्याशी बोललो नाही."

"मग?"

"मग तोही याच रोगाने गेला. आता कुणाकडे बोट दाखवू? म्हणून म्हटलं, जरा शोधू देत या शिकलेल्या पोरांना. तोवर आपण गप्प बसावं."

त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं, आई. रेडिओ त्यांनी ऐकला नव्हता.

बोमेटला पोचल्यावर तोच रेडिओवाला माइक घेऊन उभा होता. मी म्हणाले, "मार्चमध्ये मी जे बोलले ते मला ठाऊक नव्हतं. माझे बाबा दुधाने गेले, कढत चहाने गेले की आणखी कशाने, ते मला माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही. माहीत असतं तर आम्ही कशाला पाय मोडून घेतले असते? माझ्या आईचं नाव मी उगाच घेतलं." लोक थोडे गोंधळले. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला. मागून टोनुई ओरडले, "बरोबर आहे पोरीचं!" एवढंच. ते काल संध्याकाळी लागलं होतं, पण तू आता रेडिओ लावत नाहीस, असं मावशी म्हणते.

इथेच पत्र संपवलं असतं तर माझं बरंच भलं झालं असतं. तू कदाचित माफही केलं असतंस. पण तुझं नाव मी का घेतलं, ते अजून सांगितलेलं नाही.

शेवटच्या वर्षी सुट्टी संपवून मी निघाले, तेव्हा बाबा माझी ट्रंक सायकलवर घेऊन बसथांब्यापर्यंत आले होते. मी त्यांना टपरीवरचा गरम तळलेला मांदाझी घेऊन दिला. एक घास खाल्ला आणि पाठ फिरवून तो त्यांनी रुमालात काढला. म्हणाले, "घास छातीत अडकतो. थोडे दिवस झालेत. आईला बोलू नकोस, ती गाय विकून मोकळी होईल आणि तुझी परीक्षा राहील."

मला त्याचा अर्थ माहीत होता, आई. वर्गात शिकवलं होतं, माझ्या वहीत लिहिलेलं होतं. तरी मी म्हणाले, "नाही सांगणार." आणि बसमध्ये चढले. चार महिने फोनवर तू म्हणायचीस, "अगं, हे जेवत का नाहीत नीट?" मी म्हणायचे, "उन्हाने असेल."

पदवीदानाला त्यांचा कोट खांद्यावरून गळत होता, तेव्हा तू त्यांना इस्पितळात न्यायचा हट्ट धरलास. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते, मी तुला आपल्या भाषेत सांगत होते. तू विचारलंस, "लवकर आणलं असतं तर?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "चार महिन्यांपूर्वी आणलं असतंत, तर शस्त्रक्रिया करून पाहता आली असती." मी तुला सांगितलं, "ते म्हणतात, काही फरक पडला नसता."

तू मान हलवलीस आणि बाबांच्या कोटाची बटणं लावायला लागलीस.

तेव्हापासून ते वाक्य माझ्याकडे आहे. शस्त्रक्रियेने ते वाचलेच असते, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. पण तो प्रश्न तुझा होता आणि उत्तरही तुझंच होतं. मी ते दाबून ठेवलं, आणि रेडिओवाल्याने कारण विचारल्यावर स्वतःकडे बोट वळू नये म्हणून ते तुझ्याकडे वळवलं.

येत्या शनिवारी सकाळी मी येते आहे. आधी मावशीच्या घरी जाईन आणि साखरपुड्याला होते त्यांना जमवून तोंडाने सांगेन की तुझ्यावर मी खोटा आळ घेतला. मग आपल्या घरी येईन. दार उघडलं नाहीस तर बाहेर बसेन. हाक मारणार नाही.

डॉक्टरांचं उत्तर दीड वर्ष उशिरा तुझ्यापर्यंत पोचवणारी,
तुझीच मुलगी
चेलांगात