बंद असल्याचं पत्र

२ मार्च ८९, पिंप्राळा
विद्यापीठानं माझ्या पॅलेस्टिनी विद्यार्थ्याची, युसुफची, पात्रता अडवली. जिथं बी.एस्सी. केलं तिथलं स्थलांतर प्रमाणपत्र हवं, नाहीतर एम.एस्सी.च्या परीक्षेला बसता येणार नाही. ते विद्यापीठ वेस्ट बँकमध्ये. गेल्या वर्षी इस्रायली लष्करानं कुलूप घातलं. मागायचं कोणाकडे? आमचे प्राचार्य म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. परदेशी विद्यार्थी मिळाला म्हणून तात्पुरता प्रवेश देऊन मोकळे. माहितीपुस्तिकेवर त्याचाच फोटो.

१२ मार्च, रविवार
एस.टी.नं धुळ्याला. आबा सिनेटवर आहेत, माझे जुने सर. शांतपणे ऐकलं, शेवभाजी खाऊ घातली.
"बंद आहे ना? मग बंद असल्याचं पत्र आणा त्यांचं. रजिस्ट्रारच्या सहीचं."
"आबा, बंद आहे. सही कोण करणार?"
"ते खरं. पण कागदाशिवाय मी तरी काय बोलू?"
माणूस चांगला. म्हणून जास्तच राग आला.

२८ मार्च
युसुफनं अम्मानच्या चुलतभावाला लिहिलं होतं, त्याचं उत्तर. रजिस्ट्रार अटकेत. युसुफनं हे चहा पिता पिता सांगितलं, जणू रजेवर गेलाय. प्राचार्य: "प्रयत्न चालू ठेवा." कोणते?

१५ एप्रिल
प्रवेशपत्रं वाटली. त्याचं नाही. परीक्षा नाही म्हणजे व्हिसा वाढणार नाही. घरी जावं तर सीमेवर आत घेतील का, त्यालाच ठाऊक नाही. जायचं कुठे मग... मला लाज वाटली.
निघताना म्हणाला, "सर, अक्कांना सांगू नका. त्यांनी माझ्यासाठी गुरुवार धरलेत." अक्का म्हणजे त्याच्या घरमालकीणबाई, आमच्या शेजारच्या.

२० एप्रिल
पहिला पेपर. सकाळी अक्का वाटी घेऊन ओट्यावर उभ्या. "दही खाईसन जाय रे भाऊ. तुनी माय आठे नही, मी शे ना." त्यानं तळहातावर दहीसाखर घेतली, खाल्ली, सायकल काढली. मी पर्यवेक्षणाला गेलो. पेपर संपेपर्यंत तो मेहरूण तलावावर बसून होता म्हणे.
संध्याकाळी अक्का: "पेपर कसा गया रे?"
"चांगला गया, अक्का."
मग माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मीही मान डोलावली.
उद्या दुसरा पेपर. अक्कांनी विरजण लावलंय.