पिवळ्या विमानाचा पंखा फिरता हवा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौपन्न, व्यवसाय साप्ताहिकात लोकांना टोचणारं सदर लिहिणं, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता नमूद करतो की, हे मृत्युपत्र ज्या टेबलावर लिहिलं जात आहे ते डुगडुगतं. त्याच्या पायाखाली जो कागद घडी करून सरकवला आहे तो माझ्याच सदराचा आहे. हे कृत्य बायकोच्या धाकट्या भावाने, स्वतः वकील असून, माझ्या डोळ्यांदेखत केलं. तरीही याच मेहुण्याला मी व्यवस्थापक नेमत आहे, कारण तो फुकट आहे.

शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायकोने आपलं मत राखून ठेवलं आहे.

येत्या शनिवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्याच शनिवारी विमानांच्या कसरतींचा वार्षिक मेळा आहे, आणि त्यात पिवळं, दोन आसनांचं, जुनं लष्करी प्रशिक्षण विमान शेवटचं उडणार आहे. त्याच्या इंजिनाचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. तारीख पुढे ढकला, असं मी डॉक्टरांना विनवलं. ते म्हणाले, विमान पुढच्या वर्षी बघा. पुढच्या वर्षी विमान नसेल, असं मी सांगितलं.

"मग निदान तुम्ही तरी असा," ते म्हणाले.

कलम एक. राहतं घर बायकोला. घराबरोबर वरच्या मजल्यावरचा शेजारी आणि त्याची रोज पहाटे सरकणारी कपाटं तिच्याकडेच जातात, त्याला माझा इलाज नाही.

कलम दोन. बँकेतली शिल्लक बायको आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. गर्दीच्या डोक्यांवरून फोटो काढायची माझी अॅल्युमिनियमची शिडी जावयाला. अट एकच: "असले फोटो तर मोबाइलवर ढिगाने सापडतात की, बाबा," हे वाक्य त्याने तिच्यावर चढून उच्चारू नये.

कलम तीन. आमच्या फोटो क्लबच्या हॉलमधला माझा फोटो उतरवावा. कारण सांगतो. जेट विमानाला शटर वेगात लागतं. पंख्याच्या विमानाला ते संथ ठेवून, विमानाबरोबर कॅमेरा फिरवत दाबावं लागतं. तरच पंखा फिरताना दिसतो. नाहीतर पाती गोठतात आणि विमान खेळण्यांच्या दुकानात टांगल्यासारखं दिसतं. आठ वर्षांपूर्वी जेटच्या पाठोपाठ पिवळं विमान आलं आणि माझं शटर जेटचंच राहिलं. माझ्या शेकडो फोटोंतून क्लबच्या अध्यक्षांनी नेमका तोच उचलला, दारापेक्षा मोठा केला आणि खाली माझं नाव घातलं. पंखा काय स्पष्ट आलाय, पाती मोजून घ्या, असं ते पाहुण्यांना सांगतात. मी उतरवा म्हटलं की त्यांना तो माझा विनय वाटतो. माझी शोकसभा त्या फोटोखाली भरवल्यास हे मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम चार. माझा मामा अशाच विमानाच्या मागच्या आसनावर बसून पोरांना उडायला शिकवायचा. पोरं पुढे जेटवर गेली, त्यांचे फोटो भिंतींवर लागले. मामाचा उडतानाचा एकही फोटो आमच्या घरात नाही. मेळ्यातही हेच. प्रशिक्षण विमान ऐन जेवणाच्या सुट्टीत उडवतात, लोक पाठ करून रांगेत उभे असतात आणि निवेदक जाहिरातदारांची नावं वाचतो. मला त्याचा एक धड फोटो हवा होता. एका वर्षी ढग आला, एका वर्षी कोणाची तरी छत्री, एका वर्षी अध्यक्ष.

म्हणून कॅमेरा आणि लांब लेन्स ट्रायपॉडला, म्हणजे क्लबात याच टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या सभासदाला. हा कुंपणापाशी माझ्या शेजारी उभा राहतो. हॉलमधला फोटो बघून त्याने सगळ्यांदेखत मला विचारलं होतं, "दोरा कुठे बांधला होतास रे?" तेव्हापासून आमचं बोलणं नाही. पण आमच्यात पंखा फिरतो तो फक्त त्याच्याच फोटोत.

इथे मेहुण्याने पेन अडवलं. "भावजी, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. शनिवारी तुम्ही जिवंत असलात तर कॅमेरा कपाटातच, आणि विमान शेवटचं उडून कायमचं खाली." शिवाय दुसरा साक्षीदार मिळत नाही, आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. सबब कलम चार रद्द. ट्रायपॉडला बोलावून घेतलं. फोन बायकोने केला, मी नाही.

तो आला, स्वतःबद्दलच्या मजकुरासकट सगळं वाचलं, हसला नाही. फोटोखाली नाव कोणाचं, एवढं विचारलं. मी म्हणालो, काढणाऱ्याचं. मग त्याने लेन्स उचलून खिडकीबाहेर धरली.

"संथ शटरला दोन्ही डोकी स्पष्ट येणार नाहीत. पुढचं धरू की मागचं?"

"मागचं," मी म्हणालो.

वरील मजकूर वाचून, कुरकुर करून, सही केली.

ठिकाण: राहतं घर
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा गुरुवार
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार पहिला, वरच्या मजल्यावरचा शेजारी: (सही)
साक्षीदार दुसरा, ट्रायपॉड: (सही)

ता. क. कॅमेरा आजच हातोहात दिला. पिशवीतली जादा बॅटरी मुळात ट्रायपॉडचीच. गेल्या मेळ्यात माझी संपली तेव्हा तोंड न उघडता त्याने ती कुंपणावर ठेवली होती. चार्ज करून परत केली आहे.