दोनशे साठ मीटर शिल्लक

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. घड्याळाच्या कारागिराला शिस्त हवी.
बायकोचा धाकटा भाऊ दुकानात आला. पाणबुड्या आहे, बंदराचे खांब तपासायला खाली उतरतो. माझ्या सासऱ्यांनी त्याला दिलेलं डायव्हिंगचं महागडं घड्याळ सर्व्हिसिंगला दिलं. पाण्याखाली वेळ आणि खोली दाखवणारा मनगटावरचा कॉम्प्युटर बिघडलाय म्हणे. शुक्रवारी चाळीस मीटर खाली जायचंय, तेव्हा किती मिनिटं झाली ते याच्यावरच बघणार. दुकानात आणखी दोन कारागीर असताना म्हणाला, दाजींच्याच हातात द्या. माणसांची पारख आहे पोराला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
मागचं झाकण उघडलं. आतली रबराची रिंग चपटी झालीय. हीच पाणी अडवते. नवी मागवली, गुरुवारी येईल. तोवर कोण थांबणार? जुनीच धुतली, ग्रीस लावलं. तुकतुकीत दिसते. हल्लीच्या पोरांना ऊठसूट नवं लागतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी
हवेच्या दाबाची चाचणी पास. पाण्याची केली नाही. गेल्या वर्षी त्याच चाचणीत एका गिऱ्हाइकाचं घड्याळ आतून भिजलं होतं. चाचणी केलीच नसती तर ते वाचलं असतं.
घड्याळ गरम करून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवला. आत ओल असेल तर धुकं धरतं. थोडं धरलं. एसीमुळे असणार. पंधरा मिनिटांत गेलंसुद्धा.
रजिस्टरमध्ये 'पाण्याची चाचणी' असा रकाना आहे. मालकांना रिकामा रकाना खपत नाही. 'पास' लिहून सही केली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
दुपारी नवी रिंग आली. पण बंद झालेलं घड्याळ पुन्हा उघडायचं म्हणजे अति तिथे माती. रिंग ड्रॉवरमध्ये ठेवली, पुढच्या सर्व्हिसिंगला कामाला येईल.
संध्याकाळी मेहुणा घड्याळ घेऊन गेला. पाण्याची चाचणी झाली ना, असं विचारलं. म्हटलं, झाली. घड्याळावर तीनशे मीटर लिहिलंय, हा जाणार चाळीस. म्हणजे दोनशे साठ मीटर शिल्लक. एवढं सोपं गणित आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, सकाळी ११
बायको म्हणते, भाऊ फोन उचलत नाही. पाण्याखाली कोण फोन उचलतं?

दुपारी ३
अजून उचलत नाही. बायकोला म्हटलं, जेवत असेल. मी मात्र जेवलो नाही. सकाळपासून ॲसिडिटी आहे.

संध्याकाळी ६
ड्रॉवर दोनदा उघडून बघितला. रिंग तिथेच आहे. कुठे जाणार?

शनिवार, ८ फेब्रुवारी
मेहुणा हॉस्पिटलमध्ये आहे. घड्याळात पाणी शिरलं, काच आतून धुरकटली, काटे अकरा वीसला थांबले. खाली गढूळ पाणी. त्याला वाटलं अजून वेळ आहे, म्हणून काम करत राहिला. वरच्या माणसाने शेवटी दोरीने ओढून घेतलं, तेही घाईने. एवढ्या खोलातून हळूहळू वर यायचं असतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. आता त्याला दाबाच्या बंद खोलीत ठेवलंय. डाव्या पायात जीव नाही. येईल म्हणतात, नक्की सांगत नाहीत.
बायकोने एवढंच विचारलं, तू चाचणी केली होतीस ना? म्हटलं, रजिस्टरमध्ये आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी
त्यानेच घड्याळाची बाजूची चावी नीट आवळली नसेल, तिथूनच पाणी शिरलं. लोक निष्काळजी असतात. रात्रभर हेच स्वतःला सांगत होतो. बायको हॉस्पिटलमध्येच आहे. घरात फार शांत वाटतं.

सोमवार, १० फेब्रुवारी
ठरवलं, मालकांना खरं सांगायचं. दुकानात पोचलो तर तेच रजिस्टर उघडून बसले होते. कोणीतरी चौकशीला येणार म्हणे. माझ्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, बरं झालं तुम्ही चाचणी केली होतीत, दोष आपल्याकडे येत नाही. मी मान हलवली.
दुपारी बायको आली. टेबलावर एक पिशवी ठेवली. आत ते घड्याळ, अजून ओलं. म्हणाली, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस म्हणून त्याने बजावलंय, दाजींनीच बघावं.
मागचं झाकण उघडलं. चमचाभर पाणी टेबलावर सांडलं. नवी रिंग ड्रॉवरमध्ये आहेच.