मागचे दिवे

सोमवार, २२ एप्रिल

पोहोचलो एकदाचे! हल शहर ते समुद्र म्हणजे अंतर ते काय, पण नवऱ्याने, ट्रेव्हरने, गाडी अशी हाकली की मागे कॅराव्हॅनचं चाकांवरचं घर नव्हे, काचेचं कपाट जोडलंय. चाळीस वर्षं बस चालवली, तरी निघताना मला मागे उभं केलंच. डावा दिवा, उजवा दिवा, दोन्ही ब्रेकचे. मी 'लागले' असं ओरडल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्याचा धर्म. मला गाडी येत नाही, तेव्हा मी मुकाट ऐकते. निघण्याआधी काय काय तपासायचं, ती त्याची सगळी यादी याच वहीत उतरवून घेतली आहे.

निवृत्तीनंतरची ही पहिली सफर, तीही नुसती चाचणी. जमलं तर जूनमध्ये स्कॉटलंड.

जागा सुरेख आहे. आमच्यामागे कॅराव्हॅनच्या तीन रांगा, मग गवत, मग कडा आणि समुद्र. ट्रेव्हरने चाकांखाली फळ्या सारून पाणसळीचा बुडबुडा अगदी मधोमध आणला. आमच्या लगेच मागच्या रांगेतली एनिड लिंबाचा केक घेऊन आली. तिचा नवरा खुर्ची टाकून समुद्राकडे बघत होता. मी हाक मारली तरी वळला नाही. लाजाळू असेल बापडा.

मंगळवार

सकाळी बुडबुडा समुद्राच्या उलट बाजूला सरकलेला, म्हणजे मागची बाजू खचलेली. ट्रेव्हर म्हणाला, माती मऊ आहे गं, आणखी एक फळी घालू.

कड्याजवळची रांग रात्रीत गेली. नुसत्या कॅराव्हॅन नव्हे, ती जागाच दिसत नाही. मैदानाचा व्यवस्थापक म्हणाला, लोक पहाटेच निघतात, रस्ता मोकळा मिळतो ना. चाकांच्या खुणा कुठे आहेत हे विचारायला मी तोंड उघडलं, तर ट्रेव्हरने कोपर मारलं. आल्या आल्या कटकटी म्हणून नाव करून घेऊ नकोस, म्हणाला. तेही खरंच. आमच्याकडे तक्रार करणं म्हणजे चारचौघांत नाक शिंकरणं. मग मी हवेबद्दल बोलले. हवा छान आहे म्हटलं.

बुधवार

दुसरी रांगही नाही. बुडबुडा पार टोकाला. ट्रेव्हरने पुन्हा दोन फळ्या घातल्या.

दुपारी एनिडही नवऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसली. जवळ जाऊन म्हटलं, अगं, आपण सगळेच निघू या का? मान न वळवता म्हणाली, छान आहे गं इथे, उगाच कशाला गडबड.

जेवताना ट्रेव्हरला सगळं सांगितलं. तो हसला. आणि मग बाहेर जाऊन त्याने आपली खुर्ची उलटी फिरवली. समुद्राकडे.

गुरुवार, सकाळ

एनिडची रांग गेली. तिचं केकचं ताट माझ्याकडेच राहिलं.

आता आमच्यामागे फक्त गवत. तेही थोडं.

ट्रेव्हर पहाटेपासून बसून आहे. चहा हातात गार झाला. खांदे धरून हलवलं, रडले, शिव्या दिल्या. बसू गं जरा, एवढंच म्हणतो. मला फार भीती वाटते. व्यवस्थापकाची खोली बंद आहे. खिडकीतून दिसला — तोही खुर्चीत —

शेवटी म्हटलं, ट्रेव्हर, यादी. तेव्हा कुठे डोळ्यांत जान आली. उठला!

गुरुवार, दुपार

मी वाचते, तो करतो. थांबले तर पुन्हा बसेल. एकेक लिहिते आहे.

गॅस बंद. झालं.

पायरी आत. झालं.

कॅराव्हॅनच्या कोपऱ्यांचे टेकूचे पाय वर. झालं. मागचा पाय सुटला तेव्हा खाली काहीतरी ढासळलं. जवळच.

गाडीला जोडणी. झाली. तो स्टिअरिंगशी बसला. इंजिन सुरू. देवा, सुरू झालं.

म्हटलं, चल आता, दिवे राहू देत. त्याने हात मांडीवर ठेवले. मान मागे वळायला लागली — समुद्राकडे —

बघते, बघते म्हटलं.

डावा. बाजूने वाकून दिसला.

उजवा. तोही.

ब्रेकचे. तो ओरडतोय, दोन्ही एकदम बघ, नीट मागे हो की गं —

एक पाऊल. गवत आहे.

अजून एक. आता दोन्ही —

लागले, ट्रेव्हर, नीघ, दोन्ही लाग