टिब त्या लढाईत नव्हतीच

नॉटिंगहॅम
मंगळवार, १७ जून

प्रिय डेक्लन,

शनिवारी, १४ जूनला, दुपारी चार वाजायला दहा मिनिटं असताना तुझ्या कंपनीच्या दुकानात माझ्या नातीच्या हातून ऑर्मगेट शहर पडलं. नात आठ वर्षांची आहे. तक्रार करायची तर आधी वार, तारीख, वेळ सांगावी, मग काय हवं ते सांगावं आणि मध्ये रडगाणं आणू नये, असं शाळेत सिस्टर कोलंबा शिकवायच्या. वार-तारीख झाली. काय हवं ते शेवटी सांगते.

बाकी तू बरा असशील. माझा गुडघा पाऊस सांगतो आणि चुकीचा सांगतो. परसात मटार भरपूर आलाय, पण खायला आम्ही दोघीच. एडी दाणे सोलते आणि खायच्या ऐवजी टेबलावर त्यांची फौज मांडते. फ्रान्सेस तशीच आहे, तुला फोनवर सांगितलं होतं तशी.

तुझंच जग तुला समजावून सांगते म्हणून रागावू नकोस. वरच्या मजल्यावर बसून खेळातल्या जगाचा इतिहास लिहिणाऱ्याला खालचं दुकान दिसत नाही. ही पुस्तकं माझ्या गळ्यात तूच मारलीस, हे तरी आठवतंय ना? माझ्या स्वयंपाकघरात माझाच केक खात म्हणालास, "इमेल्डा, कंपनीला आता लहान मुलांसाठी पुस्तकं काढायचीत. तू लिही. जन्मभर पोरंच तर सांभाळलीस वर्गात."

"तुझ्या खेळाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्याच पानावर छापलंय, दिवा विझलाच आहे," मी म्हटलं. "मुलांनी तिथे जाऊन काय करायचं? अंधारात डोकी आपटायची?"

"थोडं सौम्य कर की. पण जग तेच राहिलं पाहिजे हं."

केलं सौम्य. तुझ्या कुजक्या फौजेचा मी नुसता घाणेरडा वास ठेवला. तुझ्या जल्लादाला शाळा-तपासनीस केलं, त्यात फार काही बदलावं लागलं नाही. रक्ताच्या जागी चिखल आला. आणि ऑर्मगेटच्या खालच्या गल्ल्यांमध्ये मी टिबला ठेवलं. दिवे लावणाऱ्याची मुलगी. रोज संध्याकाळी शिडी घेऊन निघते, वारा दिवा विझवतो, ही परत लावते. तिला दुसरं काही येत नाही. तुला ती मुळीच आवडली नव्हती. तू म्हणालास, हिच्यामुळे माझं शहर जरा उबदार वाटायला लागलंय. जणू मी तुझ्या बर्फाच्या दुकानात चूल पेटवली.

फ्रान्सेस ती पुस्तकं लेकीला, एडीला, वाचून दाखवायची, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून. तपासनिसाला माझा आवाज होता. दाराआडून ऐकलंय मी.

आता तुमच्या उन्हाळी मोहिमेबद्दल. दरवर्षी देशभरातल्या दुकानांत लोक टेबलावर रंगवलेल्या बाहुल्यांच्या फौजा मांडून, फासे टाकत लढाया खेळतात, कोण जिंकलं ते दुकानं वर कळवतात, आणि त्यावरून शहर टिकलं की पडलं ते ठरतं. मग तू ते इतिहासात लिहितोस आणि लिहिलेलं कधी बदलत नाही. मोठ्या माणसांनी असं काही करावं, याला माझी हरकत नाही; आपले वडील घोड्यांवर पैसे लावायचे. पण यंदा मुलांच्या टेबलावरचे निकालही धरायचे, ही अक्कल कुणाची? "मुलांनाही सहभागी झाल्यासारखं वाटेल," असं दुकानाच्या काचेवर लिहिलं होतं. वाटलं हो. चांगलं वाटलं.

एडीने वसंतभर माझ्या स्वयंपाकघरात शहराचे रखवालदार रंगवले. अजून ओट्यावर निळे ठिपके आहेत. तुम्ही टिबची बाहुली बनवत नाही, मुलांच्या पुस्तकातल्या कुणाचीच बनवत नाही, म्हणून तिने एका भालेवाल्याचा भाला कापला, त्याच्या हातात काडीपेटीच्या काडीचा दिवा चिकटवला आणि दाढीवर रंग फासून त्याची मुलगी केली. जवळून पाहिलं तर अजून थोडी दाढी दिसते.

शनिवारी ती टिब तिने वेशीच्या बुरुजावर उभी केली. दुकान चालवणारा रॉजर आला. माणूस वाईट नाही, फक्त चाळिशीत असून गळ्यात कवट्यांची माळ घालतो.

"ही कोण गं?"

"टिब."

"छान झालीय. पण हिचे नियम नाहीत ना छापलेले. नियम नाहीत म्हणजे ती खेळात नाही. शोभेला राहू दे हवं तर."

"म्हणजे ती लढू शकत नाही?"

"लढू शकत नाही, मारता येत नाही, मोजता येत नाही. टेबलाच्या दृष्टीने ती तिथे नाहीच."

हे शब्द लक्षात ठेव. पुढे लागणार आहेत.

समोर तिच्याच वर्गातला एक मुलगा होता, चांगला सभ्य. दोघं दुपारभर खेळले. रॉजर भिंतीवरच्या नकाशाशी उभा राहून सांगत होता की सगळीकडचे आकडे बरोबरीत आलेत आणि आपलं टेबल शेवटचं आहे. त्याने गप्प बसायला हवं होतं. मोठी माणसं आपापले खेळ सोडून एडीभोवती जमली. तिने फासा दोन्ही हातांत धरला, ओंजळीत फुंकर मारली आणि टाकला. एक आला.

मग तुमच्या रिवाजाप्रमाणे रॉजरने घंटा वाजवली. दुकानभर पसरलेल्या दाढीवाल्या बाप्यांनी टोप्या काढल्या आणि माझ्या नातीकडे बघून एका सुरात म्हटलं, "दिवा विझलाच होता." मी पुष्कळ प्रार्थना ऐकल्या आहेत, डेक्लन, पण एवढ्या मनापासून म्हटलेली नाही. एकाने तर डोळे पुसले. दुसरा तिला म्हणाला, "शाबास पोरी, इतिहासात जाणार तू."

ती रडली नाही. तिने रखवालदार डब्यात भरले, टिबला मुठीत घेतलं, आणि बसमध्ये बसल्यावर एकच विचारलं, "आजी, पडलेल्या शहरातून कुणी सुटतं का?"

मी म्हटलं, डेक्लन आजोबांना विचारू.

रविवारी तुला फोन केला. तू काय म्हणालास ते तुझ्याच शब्दांत लिहिते, म्हणजे नंतर असं बोललोच नाही म्हणायला नको.

"त्या जगात पडलेल्या शहरातून कुणी सुटत नाही, इमेल्डा. तीच तर त्याची गंमत आहे."

"गंमत?"

"तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते. एकाला सोडलं की उद्या प्रत्येक जण आपला माणूस सोडवायला येईल. आणि कंपनी आता माझी राहिली नाही. मीही नोकरच आहे. खालून निकाल येतो, तो मी लिहितो."

"आठ वर्षांची आहे ती, डेक्लन."

"मग तिला सांग की ती नुसती गोष्ट आहे."

हे तू म्हणालास. तू, ज्याने पंचेचाळीस वर्षं तसं म्हणणाऱ्या प्रत्येकाशी भांडण केलं आणि आईच्या अंत्यविधीलाही कवटीचा बिल्ला लावून आलास.

मी फोन ठेवला. तेव्हा मला वाटत होतं की मी एका पुस्तकासाठी भांडतेय. काल सकाळी मी टोस्टला लोणी लावत असताना एडी म्हणाली, "आजी, आईला सांगू नकोस हं."

"काय सांगू नको?"

"मी हरले ते."

"आई रागावणार आहे का? ती म्हणेल, परत खेळ."

"परत नाही खेळता येत. मोहीम संपली." मग टोस्टच्या कडा तोडत राहिली. "ऑर्मगेट टिकलं असतं तर आई घरी येणार होती. मी ठरवलं होतं तसं."

"कुणाशी ठरवलं होतंस?"

"कुणाशी नाही. नुसतं ठरवलं होतं."

सिस्टर कोलंबा असत्या तर त्यांनी असल्या अंधश्रद्धेवर तासभर प्रवचन झोडलं असतं. मी पावावर जॅम लावला.

तुला फोनवर "फ्रान्सेस तशीच आहे" म्हणते, कारण तूही तेवढंच ऐकायला तयार असतोस. ती तशीच नाही. तिला त्या टेकडीवरच्या घरी हलवलंय, जिथे औषध फक्त दुखू नये म्हणून देतात. खिडकीतून मेंढ्या दिसतात. ती दिवसाचा बराच वेळ झोपलेली असते. उन्हाळा संपेपर्यंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, कदाचित त्याच्या आधीच. मी त्यांना दोनदा विचारलं. वर्गात एकच प्रश्न दोनदा विचारणाऱ्या मुलीला मी उभं करायची.

तेव्हा हे नीट वाच. फ्रान्सेसला वाचव असं मी तुझ्याकडे मागत नाहीये. ऑर्मगेटही परत मागत नाही. जळलं तर जळलं. पण थोड्या दिवसांनी मला त्या मुलीला जवळ बसवून एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकताना तिला त्या फाशावरचा एक दिसू नये, एवढंच मला हवंय. हे मी तिला समजावून पाहिलं. काल पाहिलं, आज शाळेच्या वाटेवर पाहिलं. ती म्हणते, "हो आजी," ज्या आवाजात फ्रान्सेस मला "हो आई" म्हणते. माझं तिथे काही चालत नाही. तिच्या लेखी एकाच माणसाच्या शब्दाने ते जग हलतं, आणि त्याची सही प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे.

आता नियमाचं बोलू, कारण दयेचं बोलून तुझ्याशी काही होत नाही. ज्याचे नियम छापलेले नाहीत ते टेबलावर नसतं. हे रॉजर बोलला, आणि मी घरी येऊन तुमच्या पुस्तकात पडताळून पाहिलं. बारीक अक्षरात आहे, पण आहे. टिबचे नियम तुम्ही कधी छापले नाहीत. म्हणजे शनिवारी ती त्या टेबलावर नव्हती. टेबल म्हणजे ऑर्मगेट. तर शहर पडलं तेव्हा टिब ऑर्मगेटमध्ये नव्हती, आणि जी तिथे नव्हती ती तिथे मेली असं लिहायचा तुलाही अधिकार नाही. एका माणसाला सोड असं मी म्हणत नाही. तू मोजणीत चूक करू नकोस म्हणते. ती शिडी घेऊन वेशीबाहेर गेली होती. बाहेरचेही दिवे लावावे लागतात.

एवढंच लिही. इतिहासात एक ओळ, आणि तीच ओळ एका कागदावर एडीच्या नावे, तुझ्या हाताने, खाली ती तुझी वाकडी सही. टाइप केलेलं नको, तिला कळतं.

फ्रान्सेस जागी असते तेव्हा विचारते, मामा येतोय का. मी सांगते, कामात आहे. त्याचं उत्तर मी मागत नाही. ते तुझं तू बघ.

टिबचं उत्तर मात्र मला लेखी हवं, शुक्रवार, २० जून, दुपारी बाराच्या आत. हे पत्र मी स्वतः येऊन तुझ्या दारातून आत टाकतेय, तेव्हा टपालाची सबब चालणार नाही. शुक्रवारी शाळा सुटली की मी एडीला घेऊन टेकडीवर जाते. वाटेत बसमध्ये पूर्ण वेळ ती माझ्याकडे बघत असते.

तुझी बहीण,
इमेल्डा